चित्राशेजारची चिठ्ठी

घरात कपाटावर किंवा गादीखाली एखादा जुना एक्स-रे असेल, तर तो काढा आणि खिडकीच्या उजेडात धरा. बरगड्या, हृदयाची सावली, खांद्याची हाडे हे सगळे नंतर पाहू. आधी फिल्मच्या कडेला पाहा. तिथे ‘एल’ किंवा ‘आर’ असे एक पांढरे अक्षर दिसेल. हे अक्षर शाईने लिहिलेले नसते. चित्र घेताना तंत्रज्ञ शिशाचे छोटेसे अक्षर फिल्मच्या पेटीवर ठेवतो. शिसे क्ष-किरणांना अडवते, त्यामुळे अक्षराखालची फिल्म काळी पडत नाही आणि अक्षर चित्रातच उमटते. ‘एल’ म्हणजे रुग्णाची डावी बाजू, ‘आर’ म्हणजे उजवी. हल्ली पुष्कळ ठिकाणी हे अक्षर नंतर संगणकावर टाकतात, पण शिशाचे अक्षरच अधिक भरवशाचे, कारण ते रुग्ण समोर असताना ठेवलेले असते.

एवढ्याशा अक्षराचे काम काय? फिल्म पारदर्शक असते, ती कोणत्याही बाजूने धरता येते. उलटी धरली तर हृदय उजवीकडे दिसते. फारच थोड्या माणसांचे हृदय खरोखरच उजवीकडे असते. समोरचा रुग्ण त्यांच्यापैकी आहे, की फिल्म उलटी धरली आहे, हे नुसत्या चित्रावरून कसे ठरवणार? हातापायांच्या चित्रात तर डावे-उजवे ओळखायला एवढाही आधार नसतो. म्हणजे शरीराच्या आतले दाखवणारे हे चित्र स्वतःची डावी-उजवी बाजूसुद्धा सांगत नाही. ती कोणीतरी लिहावी लागते. चित्राशेजारची ही सर्वांत लहान चिठ्ठी.

क्ष-किरणांच्या शोधाची कथा आपण वर्गात नेहमी सांगतो. चित्रासोबत जाणाऱ्या चिठ्ठ्यांची कथा मात्र सहसा कोणी सांगत नाही. चिठ्ठी कोणी लिहावी, कोणी वाचावी आणि कोणत्या क्षणी वाचावी, या प्रश्नांवर डॉक्टरांनी आणि तंत्रज्ञांनी शंभरहून अधिक वर्षे डोके चालवले आहे. आमच्या मते या कथेत विज्ञान शोधाच्या कथेइतकेच आहे.

विल्हेल्म राँटजेन यांना हे किरण ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्ग येथे प्रथम जाणवले. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. हाडे आणि बोटातली अंगठी. हे चित्र पाहून समजायला कोणाच्या मदतीची गरज नव्हती. पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरांनी जी चित्रे काढून घेतली तीही बहुधा अशीच सोपी होती: मोडलेले हाड, तळव्यात रुतलेली सुई, मांडीत अडकलेली बंदुकीची गोळी. ती काढणारेही डॉक्टरच असत असे नाही. ज्याच्याकडे निर्वात नळी आणि उच्च दाबाची वीज असेल, असा कोणीही, म्हणजे छायाचित्रकार, वीजतंत्री, भौतिकीचा प्राध्यापक. काचेची प्लेट धुऊन झाली की ती रुग्णाच्या किंवा डॉक्टरच्या हाती द्यायची, आणि काम संपले. फोटोला कोणी अहवाल जोडतो का?

पण १८९६ सालीच याला अपवाद घडला. न्यूयॉर्कचे डॉ. लिओपोल्ड स्टीग्लिट्झ (प्रख्यात छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांचे बंधू) यांना एका रुग्णाच्या मूत्रपिंडात खडा आहे का, हे हवे होते. चित्र घेतले डॉ. विल्यम मॉर्टन यांनी आणि उत्तरादाखल एक पत्र लिहिले. रेडिओलॉजीचा इतिहास लिहिणारे या पत्राला सर्वांत जुन्या अहवालांपैकी एक मानतात. पत्र लहान आहे. काच आजच हाती आली म्हणून आधी कळवता आले नाही, असे मॉर्टन सांगतात. चित्र हवे तितके गडद आलेले नाही, तरी शरीराचे भाग वेगळे ओळखण्यापुरते पुरेसे आहे, हेही सांगतात. काय दिसते तेही लिहितात: खालच्या बरगड्या, कमरेचे मणके, नितंबाची हाडे. आणि मूळ प्रश्नाचे उत्तर देतात, की दखल घेण्याजोग्या आकाराचा खडा दिसत नाही.

हे पत्र आम्हाला फार आवडते. नुसते ‘खडा नाही’ एवढेच मॉर्टन लिहीत नाहीत. दखल घेण्याजोग्या आकाराचा दिसत नाही, असे लिहितात. चित्र किती चांगले आले आहे, हे सांगून त्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, तेही ते सुचवतात. मोजमाप देताना त्यातली संभाव्य चूकही द्यावी, हा प्रयोगशाळेतला नियम या पत्रात न सांगता पाळलेला आहे. (हे मॉर्टन म्हणजे ईथरची भूल जगासमोर आणणाऱ्या मॉर्टन यांचे चिरंजीव. पुढे १९१३ साली खाणींच्या शेअर्सच्या फसवणुकीच्या खटल्यात ते दोषी ठरले. चांगला अहवाल लिहिणारा माणूस सगळ्याच व्यवहारात चोख असतो असे नाही.)

हळूहळू चित्रे अवघड होत गेली. छाती, जठर, आतडी यांच्या चित्रांत हाडांसारख्या ठळक कडा नसतात, करड्या छटांच्या एकमेकींवर पडलेल्या सावल्या असतात. त्या वाचायला शरीरशास्त्र आणि रोगशास्त्र दोन्ही यावे लागते. मग वाचन हे डॉक्टरांचे खास काम झाले. अहवाल मात्र जो तो आपापल्या पद्धतीने लिही. अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे प्रेस्टन हिकी यांनी १९२२ साली एक लेख लिहून अहवालांमध्ये सारखेपणा आणावा असे सुचवले. ब्रिटनमध्ये तंत्रज्ञांची संघटना १९२० साली स्थापन झाली आणि त्याच दशकात डॉक्टरांच्या आग्रहामुळे ठरले, की तंत्रज्ञाने चित्र काढावे, त्यावर मत देऊ नये. तीस वर्षांपूर्वी ज्या छायाचित्रकाराने काच धुता धुता ‘हाड इथे मोडलेय बघा’ म्हटले असते, त्याचा वारसदार आता गप्प बसला. हा तंत्रज्ञ लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

दरम्यान एक प्रश्न कोणी फारसा विचारलाच नव्हता. तज्ज्ञाने लिहिलेली चिठ्ठी कितपत बरोबर असते?

तो प्रश्न पुढे आला क्षयरोगामुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लाखो सैनिकांच्या आणि नागरिकांच्या छातीची चित्रे काढली जात होती. मोठी फिल्म महाग, छोटी स्वस्त. छोट्या फिल्मवर रोग निसटतो का, हे अमेरिकेत एका समितीला ठरवायचे होते. तिने बाराशेहून अधिक माणसांची चित्रे चार वेगवेगळ्या पद्धतींनी घेतली आणि पाच अनुभवी वाचकांना ती सगळी वाचायला दिली. काही काळाने तीच चित्रे पुन्हा वाचून घेतली. १९४७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. फिल्मच्या चार पद्धतींमध्ये जेवढा फरक होता, त्याहून जास्त फरक वाचणाऱ्या पाच माणसांमध्ये निघाला! रोगाची खूण असलेल्या चित्रांबाबत दोन तज्ज्ञांचे साधारण तीनातून एकदा जमत नव्हते. आणि तोच तज्ज्ञ तेच चित्र दुसऱ्यांदा पाहताना साधारण पाचातून एकदा स्वतःशीच असहमत होत होता.

निघाले होते फिल्म तपासायला आणि तपासला गेला डोळा. या समितीत जेकब येरुशाल्मी नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते. अशा ठिकाणी संख्याशास्त्रज्ञ असला की असेच होते. सॅन फ्रान्सिस्कोचे रेडिओलॉजिस्ट हेन्री गारलँड यांनी १९४९ साली हा सगळा विषय आपल्या व्यवसायबंधूंसमोर स्पष्ट मांडला. आपण जवळजवळ तीस टक्के चित्रांतली खूण हुकवतो, हे स्वतःच्याच व्यवसायाबद्दल जाहीरपणे सांगायला धैर्य लागते.

उपाय काय? येरुशाल्मी आणि सहकाऱ्यांनी १९५० साली सुचवलेला उपाय साधा होता: प्रत्येक चित्र दोघांनी वाचावे. याचे गणित आठवी-नववीच्या वर्गात करून पाहण्यासारखे आहे. समजा शंभर चित्रांत रोगाची खूण आहे आणि प्रत्येक वाचक त्यांपैकी तीस हुकवतो. दोघांच्या चुकांचा एकमेकांशी काही संबंध नसेल, तर दोघांनीही हुकवलेली चित्रे किती? तिसाचे तीस टक्के, म्हणजे नऊ. शंभरांत तीस रुग्ण निसटत होते, ते नऊवर आले. प्रत्यक्षात आकडा इतका खाली येत नाही, कारण जे चित्र अवघड असते ते दोघांनाही अवघड असते. शिवाय दुसरी बाजूही आहे: दोघांपैकी कोणालाही शंका आली की रुग्णाला बोलवायचे ठरवले, तर निरोगी माणसांनाही जास्त हेलपाटे पडतात. तरीही ही पद्धत टिकली. ब्रिटनमध्ये १९८८ साली सुरू झालेल्या स्तनकर्करोग तपासणी कार्यक्रमात एकच चित्र दोघांनी वाचण्याची पद्धत रूढ झाली. मत जुळले नाही तर तिसऱ्याकडे किंवा सगळ्यांनी मिळून पुन्हा पाहायचे.

मात्र वरच्या गणितातली एक अट वाचकांच्या ध्यानात आली असेल. ‘चुकांचा एकमेकांशी संबंध नसेल तर.’ दुसऱ्या वाचकाने पहिल्याची चिठ्ठी आधीच वाचली, तर ही अट मोडते. शिक्षकांना हे वेगळे सांगायला नको. नियामकाच्या हाती उत्तरपत्रिका येते तेव्हा परीक्षकाने दिलेले गुण तिच्यावर आधीच असतात. तिथे सातच्या जागी चार द्यायला किती जड जाते, हे त्या कामाला बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणजे इथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींच्या आड येतात. चिठ्ठी दाखवली तर माहिती मिळते, पण स्वतंत्र मत जाते. झाकली तर स्वतंत्र मत राहते, पण माहिती जाते.

आणि माहिती जाणे हा काही लहान तोटा नव्हे. २०१३ साली अमेरिकेतल्या तीन मानसशास्त्रज्ञांनी एक खोडकर प्रयोग केला. फुप्फुसांच्या सीटी स्कॅनमध्ये त्यांनी एका गोरिलाचे चित्र घुसवले, शोधायच्या गाठीच्या सरासरी आकाराच्या ४८ पट मोठे. चोवीस रेडिओलॉजिस्टना फुप्फुसातल्या बारीक गाठी शोधायला सांगितले. चोवीसपैकी वीस जणांना गोरिला दिसला नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्राने दाखवले, की न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर नेमकी त्यावरून गेली होती. हे तज्ज्ञ निष्काळजी नव्हते. त्यांना गाठी शोधायला सांगितले होते, ते गाठी शोधत होते. काय विचारले यावर काय दिसते हे ठरते. म्हणूनच डॉक्टर जेव्हा मागणीच्या कागदावर फक्त ‘छातीचा एक्स-रे’ एवढेच लिहून पाठवतात आणि ‘तीन आठवडे खोकला, वजन घटले, पूर्वी क्षयाचे औषध घेतले आहे’ हे लिहीत नाहीत, तेव्हा चित्र वाचणाऱ्याची अर्धी नजर ते काढून घेतात.

आमच्या समजुतीप्रमाणे यातून वाट निघते ती क्रमातून. ‘या रुग्णाला काय होते आहे’ ही चिठ्ठी चित्र पाहण्याआधी हवी. ‘मला या चित्रात काय दिसले’ ही दुसऱ्याची चिठ्ठी स्वतःचे मत लिहून झाल्यावर हवी. दोन्ही चिठ्ठ्या एकाच पाकिटात घातल्या की घोटाळा होतो.

आता त्या गप्प बसवलेल्या तंत्रज्ञाकडे येऊ. अपघात विभागात रात्री दोन वाजता रुग्ण येतो. त्याला तपासणारा डॉक्टर अनेकदा नवखा असतो, रेडिओलॉजिस्ट घरी असतो, अहवाल दुसऱ्या दिवशी मिळतो. त्या क्षणी चित्र पाहणारा सर्वांत अनुभवी माणूस कोण? वर्षाला हजारो मनगटे आणि घोटे पाहिलेला तंत्रज्ञच. पण त्याने मत द्यायचे नाही! १९८५ साली ब्रिटनमधल्या एका गटाने यावर एक तोडगा प्रसिद्ध केला. चित्रात काही वावगे वाटले तर तंत्रज्ञाने फिल्मवर एक लाल ठिपका चिकटवायचा. एक शब्दही लिहायचा नाही. डॉक्टरने ठिपका पाहून फिल्म पुन्हा नीट पाहायची. ही पद्धत ब्रिटनभर पसरली. साठ वर्षांच्या शांततेनंतर तंत्रज्ञ बोलू लागला तो एका ठिपक्यातून.

ठिपक्याच्या मर्यादाही लगेच कळल्या. ठिपका आहे, पण नेमके कुठे पाहायचे? दोन अस्थिभंग असतील तर ठिपका कोणत्या एकाचा? आणि ठिपका नाही, याचा अर्थ काय घ्यायचा: सगळे ठीक आहे, की तंत्रज्ञाला फुरसत नव्हती? न लिहिलेल्या नोंदीचे असे दोन अर्थ होतात आणि त्यातला दिलासादायक अर्थ घेण्याकडे दमलेल्या माणसाचा कल असतो. म्हणून पुढे तिथल्या तंत्रज्ञांच्या संघटनेने ठिपक्याऐवजी एक-दोन वाक्यांची प्राथमिक टिप्पणी लिहावी असा आग्रह धरला.

याच सुमारास चित्रे संगणकावर जाऊ लागली. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांची चित्रे वाचता यावीत म्हणून अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या आणि उत्पादकांच्या संघटनांनी १९८३ साली एकत्र काम सुरू केले, आणि त्यातून १९९३ साली ‘डायकॉम’ हे मानक आले. आज आपल्या तालुक्याच्या गावातले सीटी यंत्रही तीच भाषा बोलते. डायकॉममध्ये रुग्णाचे नाव, तारीख, बाजू ही माहिती चित्राच्या फाइलमध्येच राहते. शिशाच्या अक्षराची जी हुशारी होती, ती पुन्हा आली असे म्हणायला हरकत नाही. पुढे बाण, खुणा आणि टिपणे चित्राला जोडून ठेवण्याच्या सोयीही त्यात आल्या.

पण एक गोष्ट हरवली. फिल्म एकच असे. ती जिथे, तिथे सर्वांना जावे लागे. सर्जन, फिजिशियन, शिकाऊ डॉक्टर रोज क्ष-किरण विभागात येत, उजेडाच्या पेटीसमोर उभे राहून बोलत. ‘याला दुखते ते नेमके कुठे?’ ‘मग ही रेघ पुन्हा पाहू.’ ही देवाणघेवाण कोणत्याही अहवालात नसे. बाल्टिमोरमधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाने १९९३ साली फिल्म जवळजवळ बंद केली. १९९९ साली तिथला एक अभ्यास प्रसिद्ध झाला: साध्या क्ष-किरण चित्रांसाठी डॉक्टरांनी रेडिओलॉजिस्टला प्रत्यक्ष भेटण्याचे प्रमाण सुमारे चार-पंचमांशाने घटले होते. चित्र सगळीकडे पोचले आणि माणसे भेटेनाशी झाली.

ती जागा भरून काढण्यासाठी आज बऱ्याच रुग्णालयांच्या संगणकांत चित्राला जोडलेली एक सामाईक टिपणवही असते. तंत्रज्ञ लिहितो, ‘श्वास रोखता आला नाही, चित्र थोडे हलले आहे.’ अपघात विभागाचा डॉक्टर लिहितो, ‘मला अस्थिभंग वाटत नाही, प्लास्टर न घालता घरी पाठवतो आहे.’ सकाळी रेडिओलॉजिस्ट पाहतो, त्याला बारीक भेग दिसते, आणि रात्री काय ठरले होते हे शेजारीच लिहिलेले असल्याने रुग्णाला परत बोलावले पाहिजे हे लगेच कळते. ते टिपण नसते, तर ‘बारीक भेग आहे’ हा अचूक अहवाल फाइलमध्ये जाऊन बसला असता आणि रुग्ण त्या पायावर चालत राहिला असता.

इथे आणखी एक धोका आहे. खांद्याच्या चित्रात कडेला फुप्फुसावर एक डाग दिसतो. रेडिओलॉजिस्ट तो लिहितो. खांद्याचा डॉक्टर खांद्यापुरते वाचतो. रुग्णाला कोणीच सांगत नाही. लिहिले म्हणजे कळवले, असे होत नाही, हे मान्य करून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९१ साली संपर्काविषयी वेगळे निकष केले. तातडीचे किंवा अनपेक्षित काही दिसले, तर नुसता अहवाल न पाठवता संबंधित डॉक्टरशी थेट बोलावे, असे त्यांत होते. चिठ्ठी वाचली गेल्याची पोच परत आल्याखेरीज काम पुरे झाले असे धरू नये.

आपल्याकडची परिस्थिती थोडी वेगळी. पाश्चात्त्य देशांत फिल्म रुग्णालयात राही, आपल्याकडे ती रुग्णाच्या घरी जाते. मोठ्या पाकिटात फिल्म आणि टंकलेला अहवाल, एसटीच्या फलाटावर वळकटीसारखे गुंडाळून काखेत. जुन्या चित्राशी तुलना करायची, तर ते वाळवीने सोडले आहे का, यावर सगळे अवलंबून. पण या पद्धतीत एक गुण होता. पाकीट रुग्णाबरोबर नव्या डॉक्टरकडे जाई आणि चिठ्ठी चित्रापासून सुटत नसे. आता पाकिटाच्या जागी सीडी किंवा मोबाइलवरचा फोटो आला आहे. २०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये अहवाल रुग्णाच्या आरोग्य खात्याला जोडण्याची सोय आहे. रुग्णालयातली आतली टिपणे मात्र बहुधा तिथल्या संगणकातच राहतात.

क्षयरोगाशी या कथेचा संबंध अजून सुटलेला नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेच्या कामातून १९६२ साली आपला राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला, तेव्हा निदानाचा मुख्य भर थुंकीच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीवर ठेवला गेला. खर्च आणि वाचनातली तफावत, दोन्ही बाबतींत क्ष-किरण अडचणीचे होते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या क्षय-चाचणीत छातीचे चित्र माणसाऐवजी संगणकाच्या आज्ञावलीने वाचायला संमती दिली. आता हलके, हातात मावणारे यंत्र गावात जाते, चित्र निघते आणि क्षणार्धात संगणक आपला अंदाज एका आकड्यात सांगतो. हा आकडा म्हणजेही चित्राशेजारची चिठ्ठीच, फक्त लिहिणारा माणूस नाही. जिथे डॉक्टरच नाही तिथे ती मोलाची आहे. पण जिथे डॉक्टरही तेच चित्र पाहणार आहे, तिथे त्याला हा आकडा स्वतःचे मत लिहिण्याआधी दाखवायचा की नंतर, याचा निर्णय पडद्याची मांडणी ठरवणारा कोणी अभियंता करत असतो. येरुशाल्मी यांच्या गणितातली अट त्याला कोणी सांगितलेली असते का, हे विचारून पाहायला हवे.